दोनशे टक्के

चिलोए बेटावर पाऊस थांबायची वाट पाहणाऱ्यानं
कॅमेरा विकून टाकावा.
मी नाही पाहिली वाट.
कुंपणाशी नाल्काचं झाड, त्याचं एक पान माझ्याहून रुंद,
पाठीला काटे, कडेला दाते,
आणि प्रत्येक दात्याच्या टोकाला एक थेंब,
पडू की नको करत.
मी चिखलात गुडघे टेकले.
तिपाईचा एक पाय हळूहळू खचत होता,
त्याच्याखाली चपटा दगड सरकवला.

उजेड मात्र फार थोडा,
धुतलेल्या तांदळाच्या पाण्यासारखा.
तेव्हा एलेउतेरियो आला,
शिंपल्यांच्या क्रेटचं पांढरं झाकण घेऊन,
आणि पानापलीकडे ते धरून उभा राहिला.
मी बोलावलं नव्हतं.
चार दिवस आमचं बोलणं बंद होतं.
होडी विकायची का ठेवायची, मूळ एवढंच,
पण चार दिवसांत ते
माझ्या आईपर्यंत आणि त्याच्या थोरल्या भावापर्यंत जाऊन पोचलं होतं.

‘थोडं खाली,’ मी म्हणाले.
त्यानं झाकण थोडं खाली घेतलं.
हे बोलणं झालं की नाही
ते दोघांनीही ठरवलं नाही.

एका थेंबावर फोकस बसवावा,
तर शेजारचा धुक्यात जातो.
आपण श्वास रोखावा,
तर वारा त्याचा सोडतो.
एकसष्ट वेळा बोट दाबलं.
तासाभरानं त्याच्या बाहीतून पाणी कोपरापर्यंत उतरलं असणार,
पण झाकण हललं नाही.

मग मी लेन्स पुसत घरात गेले.
तो पान कापून ओतिलियाकडे घेऊन गेला.
तिच्या अंगणात खड्डा पेटला होता,
तापल्या दगडांवर शिंपले, बटाटे, डुकराचं मांस,
आणि या सगळ्यावर झाकायला
माझं ते पान.

रात्री चुलीजवळ बसून फोटो सुधारायला घेतला.
शाळेच्या पुस्तिकेत जायचा होता,
मुलांना शिरा नीट दिसायला हव्यात.
काळोख जरा गडद केला.
हिरवा उतरवला, स्क्रीनवरचा हिरवा नेहमी बढाया मारतो.
गोगलगायीनं कुरतडलेलं भोक बुजवलं
आणि लगेच पुन्हा उघडलं.
भोकाशिवाय ते पान
दातांच्या दवाखान्यातल्या कॅलेंडरवरचं वाटू लागलं.

मग दोनशे टक्क्यांवर गेले
आणि प्रत्येक थेंबात तो.
उलटा.
पिवळ्या रेनकोटाचा ठिपका, हातात पांढरा चौकोन,
डोकं चिखलाच्या जागी, बूट आभाळात.
सत्तावीस दाते, सत्तावीस थेंब,
सत्तावीस एलेउतेरियो.

पुस्तिकेत तो कशाला?
पहिल्या थेंबातून मी त्याला पुसला.
थेंब विझला.
राहिला एक राखाडी बुडबुडा, काचेतल्या दोषासारखा.
रेनकोट तेवढा काढून चौकोन ठेवून पाहिला,
पण हातांशिवाय चौकोन
कुठेही लोंबकळत राहतो.
मागे घेतलं सगळं.

चेहरा दिसेल म्हणून चारशेवर गेले.
तो पानाकडे पाहत होता, समुद्राकडे, का माझ्याकडे?
चारशेवर माणूस नसतोच,
पिवळे चौकोन असतात, एक तपकिरी,
आणि त्यांच्यात उत्तर नसतं.

दार वाजलं. धुराचा आणि शिंपल्यांचा वास आत आला.
त्या पानाचा देठ त्यानं आणला होता,
सोलून, मीठ लावून, मधोमध मोडून.
अर्धा माऊसशेजारी ठेवला.
आंबट. दातांत धागे अडकले.
पान आता काळपट, वाफेनं मऊ झालं असेल,
दाते गळून.

‘बघ,’ मी म्हणाले, ‘हा तू आहेस.’
त्यानं चष्मा चढवला, वाकला,
केसांतलं पाणी माझ्या खांद्यावर टपकलं.
बराच वेळ पाहत राहिला, एकेक थेंब.
‘झाकण तिरकं धरलंय,’ तो म्हणाला.

‘सत्तावीस वेळा,’ मी म्हणाले.